यकृताचा कर्करोग : त्याची प्रत आणि त्याचें मूळ

जुन्नर शहराची ख्याति एके काळीं कागदासाठीं होती. कुकडी नदीच्या खोऱ्यांतील या जुन्या पेठेंत कागदी लोकांच्या हातून जो कागद निघे, त्यास ‘जुन्नरी’ असें नांव होतें. खळ देऊन आणि घोटून गुळगुळीत केलेल्या अशा कागदावर मराठी राज्यांतील कारकुनांनीं हिशेब, पत्रें आणि सनदा लिहिल्या. ज्यांनीं जुनीं दप्तरें चाळलीं आहेत, त्यांस एक गोष्ट ठाऊक असते. मूळ लेख एकच असला तरी त्याच्या नकला अनेक होतात. आणि नकलेवरून पुन्हा नक्कल होतां होतां एखादा काना सुटतो, एखादें अक्षर बदलतें, केव्हां एखादी ओळच गळते. पहिल्या नकलेंतील चूक दुसरींत उतरते, दुसरींत आणखी एकीची भर पडते, आणि दहाव्या नकलेपर्यंत मूळचा मजकूर ओळखूं येईनासा होतो. मराठींत अशा नकलेस ‘प्रत’ म्हणतात; आणि मालाचा कस सांगावयाचा असला म्हणजेहि ‘प्रत’ हाच शब्द आपण वापरतों. यकृताच्या कर्करोगाच्या अभ्यासाचा इतिहास पाहिला, तर या शब्दाचे हे दोन्ही अर्थ तेथें एकमेकांस येऊन मिळाले आहेत असें दिसतें.

जुन्नर आणि आंबेगांव हे पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेजारी तालुके. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशींत भात, नाचणी आणि हिरड्याचीं झाडें. पूर्वेकडे बाजरी, भुईमूग, कांदा आणि बटाटा. या भागांतील एखाद्या घरचा कर्ता पुरुष अन्न नकोसें होऊन, उजव्या कुशींत दुखूं लागून, डोळे पिवळे होऊन पुण्यास किंवा मुंबईस नेला जातो; आणि कांहीं दिवसांनीं तपासणीचा एक कागद घरीं येतो. त्यावर ‘ग्रेड तीन’ असे शब्द असतात, आणि कधीं कधीं जनुकांतील बदलांचाहि उल्लेख असतो. घरचीं माणसें या कागदाचा अर्थ लावूं लागतात, आणि दोन ठिकाणीं चुकतात. ‘ग्रेड तीन’ म्हणजे रोगाचा तिसरा टप्पा, असा एक समज होतो. जनुकांत दोष म्हणजे रक्तांत दोष, घराण्यांत दोष, हा दुसरा. पहिल्या समजुतीनें उपचाराची आशा वेळेआधीं सुटते. दुसरीनें घरांतील मुलींच्या सोयरिकी अडतात, आजार झांकला जातो, आणि ज्या भावंडांनीं वेळींच तपासून घ्यावयाचें, तींच दवाखान्याची पायरी टाळतात. म्हणून या दोन शब्दांचा इतिहास नीट समजून घेणें हें केवळ पंडितांचें काम नव्हे. तें घराघराच्या हिताचें आहे.

‘प्रत’ आणि ‘टप्पा’ यांतील भेद प्रथम पाहूं. रोग किती पसरला आहे, गांठ केवढी, किती गांठी, त्या शिरेंत घुसल्या आहेत कीं नाहींत, इतर अवयवांत गेल्या आहेत काय, हें सांगणारा शब्द म्हणजे टप्पा. प्रत याहून निराळी. गांठीचा लहानसा तुकडा काढून त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला म्हणजे त्यांतील पेशी निरोगी यकृताच्या पेशींसारख्या कितपत दिसतात, हें प्रत सांगते. लहान गांठ वाईट प्रतीची असूं शकते, आणि मोठी गांठ बऱ्या प्रतीची असूं शकते. यकृताच्या बाबतींत उपचार कोणता करावयाचा, हें बहुधा टप्प्यावर आणि उरलेलें यकृत कितपत काम करीत आहे यावर ठरतें; शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा संभव किती, हें अजमावतांना प्रतीचाहि विचार होतो. पुष्कळदां तर सिरोसिस झालेल्या रोग्यांत चित्रतपासणीवरूनच निदान होतें, तुकडा काढावाच लागत नाहीं, आणि मग प्रत लिहिलीहि जात नाहीं.

ही प्रत ठरवण्याची कल्पना कशी उपजली? १८५८ सालीं बर्लिन येथील रुडॉल्फ फिर्खो यानें पेशींच्या विकृतींवर आपलीं व्याख्यानें प्रसिद्ध केलीं आणि प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्म पावते हा सिद्धांत रूढ केला. कर्करोग बाहेरून आंत शिरलेला कोणी परका प्राणी नसून शरीराच्याच पेशींची बिघडलेली संतति आहे, हें त्यावरून ओघानेंच आलें. त्याच शहरांत डाव्हिट फॉन हान्सेमान यानें १८९० सालीं कर्करोगाच्या पेशी दुभंगतांना पाहिल्या. निरोगी पेशी दुभंगते तेव्हां तिच्या गाभ्यांतील सूत्रें दोन्ही लेकींस सारखीं वांटलीं जातात. रोगट पेशींत ही वांटणी वेडीवांकडी होते, असें त्यास आढळलें. पेशीनें आपलें मूळचें रूप व काम विसरत जाणें यास त्यानें एक स्वतंत्र नांवहि दिलें. पुढें थिओडोर बोव्हेरी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें समुद्रांतील एका कांटेरी प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. ज्या अंड्यांत सूत्रांची वांटणी चुकली, त्यांची वाढहि चुकली. यावरून १९१४ सालच्या ग्रंथांत त्यानें असें अनुमान मांडलें कीं कर्करोगाचें मूळ एका पेशीच्या गुणसूत्रांत झालेल्या बिघाडांत असावें. त्या काळीं हें अनुमान सिद्ध करण्याचें साधन कोणापाशींच नव्हतें.

साधन नसलें तरी डोळे होते. अमेरिकेंत मेयो क्लिनिकमधील आल्बर्ट ब्रॉडर्स यानें १९२० सालीं ओठांच्या कर्करोगाच्या चार प्रती पाडल्या आणि प्रत जसजशी खालावते तसतसा रोग्याचा शेवटहि वाईट होतो, असें दाखवलें. यकृतासाठीं हेंच काम ह्यू एडमंडसन आणि पॉल स्टायनर यांनीं केलें. ४८,९०० शवपरीक्षांच्या नोंदींतून यकृताच्या कर्करोगाचीं १०० उदाहरणें निवडून त्यांनीं १९५४ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. पहिल्या प्रतींत पेशी निरोगी पेशींहून जेमतेम वेगळ्या दिसतात. दुसरींत गाभा मोठा व गडद होतो, पण पेशी अजून ओळींत उभ्या असतात आणि पित्तहि तयार करतात. तिसरींत गाभा अधिकच फुगतो, राक्षसी पेशी दिसूं लागतात, पित्त तुरळक होतें. चौथींत गाभ्यानें बहुतेक सगळी पेशी व्यापलेली असते, ओळी मोडतात, पेशी एकमेकींस धरून राहत नाहींत, आणि हें यकृत होतें असें अनुभवी डोळ्यासहि सहज म्हणतां येत नाहीं. ही चार प्रतींची पद्धति, पुढें तिच्यांत कांहीं फेरफार झाले तरी, आजहि वापरांत आहे. परंतु पेशी आपलें रूप कां विसरते, याचें उत्तर तिच्यांत नव्हतें. १९५३ सालीं वॉटसन आणि क्रिक यांनीं वंशद्रव्याची दुपदरी रचना उलगडली, तेव्हां त्या उत्तराची वाट मोकळी झाली.

याच सुमारास मुंबईंत एक मराठी विद्वान कर्करोगाकडे निराळ्या बाजूनें पाहत होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे लंडनांत शिकून आलेले विकृतिशास्त्रज्ञ. १९४१ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें, आणि तेथील प्रयोगशाळांचा भार त्यांच्याकडे आला. १९४४ सालीं त्यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. या देशांत निरनिराळ्या जातिजमातींत निरनिराळ्या ठिकाणचा कर्करोग अधिक आढळतो, हें त्यांस दिसत होतें. हा ज्याच्या त्याच्या रक्ताचा गुण, असें म्हणून मोकळें होणें सोपें होतें. खानोलकरांनीं रोग्यांचें खाणें, चघळणें, ओढणें आणि राहणी यांची विचारपूस केली, आणि जातींच्या भेदामागें संवयींचा भेद उभा असलेला दाखवला. १९५२ सालीं मुंबईंत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें, त्याचेहि पहिले संचालक तेच होते.

त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या. १९१७ सालीं त्यांचा जन्म झाला. हुजूरपागेंत व फर्ग्युसन कॉलेजांत शिक्षण झालें. १९४९ सालीं त्यांनीं खानोलकरांच्या हाताखालीं डॉक्टरेट मिळवली आणि पुढें अमेरिकेंत जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवण्याची विद्या हस्तगत करून ती मुंबईस आणली. उंदरांच्या स्तनांतील कर्करोग हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय. या उंदरांची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. कांहीं वाणांच्या उंदरांत हा रोग आईकडून लेकीकडे इतक्या नियमानें जाई कीं तो वंशपरंपरागतच मानला जात होता. १९३६ सालीं अमेरिकेंतील जॉन बिटनर यानें अशा आईचीं पिलें जन्मतांच निरोगी वाणाच्या मादीस पाजावयास दिलीं, आणि रोगाचें प्रमाण एकदम उतरलें. आईच्या दुधांतून एक विषाणु जात होता. वंशाचा वाटाहि होता, पण जें निव्वळ रक्तांतून येतें असें वाटत होतें, त्याचा मोठा भाग बाहेरून येत होता. रणदिवे यांनीं वंश, विषाणु आणि अंतःस्राव या तिहींचा परस्परसंबंध आपल्या संशोधनांत शोधला. निवृत्तीनंतर त्यांनीं अकोलें तालुक्यांतील आदिवासी स्त्रिया व मुलें यांच्या पोषणाची पाहणी केली. हा तालुका जुन्नरच्या उत्तर शिवेला लागूनच आहे. मधें हरिश्चंद्रगडाचा डोंगर तेवढा उभा.

यकृताच्या कर्करोगांत हें ‘बाहेरचें’ काय होतें, तें दोन दिशांनीं उजेडांत आलें. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले. त्यांस दिलेल्या भुईमुगाच्या पेंडींत एक पिवळसर हिरवी बुरशी वाढली होती. तिच्या विषास पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. हें विष माणसासहि सोडीत नाहीं, याचा दारुण प्रत्यय आपल्या देशास १९७४ सालीं आला. राजस्थानांतील बांसवाडा आणि गुजराथेंतील पंचमहाल या भागांत अवेळीं आलेल्या पावसानें मका भिजला, त्यास बुरशी आली, आणि तोच मका खाल्ल्यानें ३९७ माणसें काविळीनें आजारी पडून १०६ दगावलीं. ती तीव्र विषबाधा होती. पण हेंच विष थोड्या थोड्या प्रमाणांत वर्षानुवर्षें पोटांत गेलें तर यकृतांत कर्करोगाचें बीज पेरतें, हेंहि कळून चुकलें.

दुसरी दिशा विषाणूची. १९६५ सालीं बारूख ब्लंबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानें एका आस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तांत एक नवें द्रव्य आढळल्याचें प्रसिद्ध केलें. तें हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूचें कवच निघालें. या कामासाठीं त्यास १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तैवानांत बीसली आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं २२,७०७ पुरुषांवर कित्येक वर्षें नजर ठेवली, आणि १९८१ सालीं असें जाहीर केलें कीं ज्यांच्या रक्तांत हा विषाणु ठाण मांडून बसला आहे, त्यांस यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या दोनशेंपटींहूनहि अधिक आहे. हिपॅटायटिस सी हा दुसरा विषाणु, दारू, आणि अलीकडे वाढलेली यकृतांतील चरबी हीं कारणेंहि याच मालिकेंत बसतात.

या सगळ्यांचा जनुकांशीं संबंध कसा पोंचतो? येथें पुन्हा नकलेचा दाखला उपयोगीं पडतो. प्रत्येक पेशींत सुमारें तीनशें कोटि अक्षरांचा एक लेख असतो. त्यांतील अर्थपूर्ण परिच्छेद म्हणजे जनुकें. निरोगी यकृताच्या पेशी क्वचितच दुभंगतात. पण विषाणु, विष किंवा दारू यांनीं पेशी मरूं लागल्या म्हणजे त्यांची जागा भरून काढण्यास उरलेल्या पेशींस पुन्हा पुन्हा दुभंगावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं तो सगळा लेख उतरून काढावा लागतो. शेकडों वेळां नक्कल झाली कीं चुका आल्याच. त्यांत विष स्वतः अक्षरें बिघडवतें, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणु तर आपल्याच मजकुराचे तुकडे त्या लेखांत घुसडतो.

१९९१ सालीं ही कल्पना प्रत्यक्ष अक्षरांत वाचतां आली. पी-५३ नांवाचें एक जनुक पेशीचा पहारेकरी आहे. लेखांत चूक दिसली कीं तें पेशीचें दुभंगणें थांबवतें, आणि चूक दुरुस्त होण्यासारखी नसेल तर पेशीस मरावयास लावतें. चीनमधील चिदोंग हा भाग बुरशीच्या विषाबद्दल आणि यकृताच्या कर्करोगाबद्दल कुप्रसिद्ध. तेथील १६ गांठी तपासल्या असतां ८ गांठींत या जनुकाच्या २४९ व्या शब्दाचें तिसरें अक्षर बदललेलें आढळलें. दक्षिण आफ्रिकेंतील गांठींतहि त्याच जागीं बोट पडलें. बुरशीचें विष जणू आपली सही करून गेलें होतें.

यानंतरचा प्रश्न असा, कीं या चुकांचा आणि सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या प्रतीचा मेळ बसतो काय? जपानी संशोधकांनीं याचा पाया घातला. लहान गांठींचे काप पाहतां पाहतां त्यांस असें दिसलें कीं यकृताचा कर्करोग पुष्कळदां चांगल्या प्रतीनेंच आरंभ करतो. गांठ दीड दोन सेंटिमीटरची होतां होतां तिच्या पोटांत वाईट प्रतीची दुसरी गांठ उमटते आणि हळूहळू पहिलीस गिळून टाकते. १९९० सालीं त्यांनीं दाखवलें कीं सोळाव्या गुणसूत्राचा तुकडा गळाल्याची खूण वाईट प्रतीच्या आणि पसरलेल्या गांठींत अधिक आढळते. पी-५३ मधील बिघाडहि जपानांतील रोग्यांच्या चांगल्या प्रतीच्या गांठींत विरळा आणि वाईट प्रतीच्या गांठींत बराच आढळला. म्हणजे तेथें तो पुष्कळदां रोगाच्या आरंभींचा नसून मागाहूनचा होता. पहारेकरी पडल्यावर लेखांत हवा तसा गोंधळ माजतो, आणि पेशी आपलें रूप विसरते.

परंतु प्रत्येक चूक प्रत खालावते असें मात्र नाहीं. बीटा-कॅटेनिन नांवाच्या जनुकांतील बदल १९९८ सालीं या रोगांत आढळला, आणि त्याच्या गांठींतील पेशी बहुधा ओळींत राहणाऱ्या, पित्त तयार करणाऱ्या, म्हणजे चांगल्या प्रतीच्या निघाल्या. २०१७ सालीं फ्रान्समधील शास्त्रज्ञांनीं ३४३ गांठींचें रूप आणि त्यांचीं जनुकें शेजारीं शेजारीं मांडलीं, तेव्हां हीच गोष्ट पक्की झाली : बीटा-कॅटेनिन बिघडलेल्या गांठी एका रूपाच्या, पी-५३ बिघडलेल्या गांठी दुसऱ्या रूपाच्या, वाईट प्रतीच्या व रक्तवाहिन्यांत घुसणाऱ्या. आणखी एक बदल आहे, तो प्रतीच्याहि आधींचा. गुणसूत्राचें टोंक प्रत्येक नकलेगणिक थोडें झिजतें, आणि फार झिजलें म्हणजे पेशीचें दुभंगणें थांबतें. तें टोंक पुन्हा बांधून देणारें जनुक यकृताच्या प्रौढ पेशींत निजलेलें असतें. फ्रेंच शास्त्रज्ञांस २०१४ सालीं असें आढळलें कीं सिरोसिस झालेल्या यकृतांतील साध्या गांठींत शंभरांत सुमारें ६, संशयास्पद गांठींत १९, आणि कर्करोगाच्या अगदीं आरंभींच्या गांठींत ६० च्या आसपास ठिकाणीं या जनुकास जागें करणारी चूक झालेली असते. पेशी आपलें रूप विसरण्यापूर्वींच मरण विसरलेली असते.

तात्पर्य, प्रत हा त्या गांठीच्या चरित्राचा दिसणारा भाग आहे. कोणत्या चुका झाल्या, किती झाल्या आणि कोणत्या क्रमानें झाल्या, याची ती ढोबळ साक्ष. जनुकें वाचून त्या साक्षीचा तपशील मिळतो. पण एका जनुकावरून प्रत सांगतां येत नाहीं, आणि एका प्रतीवरून जनुक सांगतां येत नाहीं.

आतां ज्या समजुतीनें सोयरिकी मोडतात तिच्याकडे वळूं. वर सांगितलेले हे सर्व बदल यकृताच्या पेशींत, त्या माणसाच्या हयातींत झालेले असतात. ते स्त्रीच्या बीजांत नसतात, पुरुषाच्या बीजांत नसतात. म्हणून ते मुलाबाळांत उतरत नाहींत. मूळ ग्रंथ घरांत शाबूत असतो. बिघडलेली असते ती एका कोपऱ्यांतली नक्कल. तांबें किंवा लोह यकृतांत सांठवणारे कांहीं विरळ आजार खरोखर वंशपरंपरेनें येतात, आणि त्यांतून सिरोसिस होऊं शकतो. पण ते अपवाद होत.

तरीहि कोणी म्हणेल, एकाच घरांत दोघां भावांस हा रोग झालेला दिसतो, त्याचें काय? त्याचें उत्तर बहुधा बिटनरच्या उंदरांसारखेंच असतें. हिपॅटायटिस बीचा विषाणु प्रसूतीच्या वेळीं आईच्या रक्तांतून बाळास लागतो, आणि इतक्या कोंवळ्या वयांत लागलेला विषाणु बहुधा जन्मभर मुक्काम करतो. भाऊ भाऊ आजारी पडले, तर त्यांस जोडणारा धागा जनुकाचा नसून बहुधा विषाणूचा असतो. अशा घरांत लपवालपव करणें सर्वांत घातक; कारण उरलेल्या भावंडांचें रक्त तपासलें, तर विषाणु असलेल्यांवर वेळींच लक्ष ठेवतां येतें आणि नसलेल्यांस लस देतां येते.

पुणें जिल्ह्यास या धड्याचा एक जुना अनुभव आहे. लहान मुलांच्या यकृताचा एक प्राणघातक संकोच आपल्या देशांत पिढ्यान् पिढ्या होत असे. एकाच घरचीं लागोपाठ मुलें त्यांत जात, आणि लोक त्यास घराण्याचा शाप समजत. पुण्यांतील के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह अशा मुलांच्या यकृतांत सांचलेल्या तांब्याचा माग काढला, तो तान्ह्या बाळाच्या दुधापर्यंत पोंचला. १९८३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं पितळेच्या व तांब्याच्या भांड्यांत तापवलेलें आणि ठेवलेलें वरचें दूध हें याचें कारण असावें. कल्हई उडालेलें पातेलें शाप देत होतें. बाळाच्या प्रकृतीचाहि कांहीं वाटा असेल. पण स्टीलचीं भांडीं घरांत आलीं, आणि तो रोग पुढच्या वर्षांत जवळजवळ दिसेनासा झाला. घराणीं तींच राहिलीं. भांडें तेवढें बदललें.

यकृताच्या कर्करोगांतहि भांडें बदलतां येतें. तैवाननें १९८४ सालीं नवजात बालकांस हिपॅटायटिस बीची लस देण्यास आरंभ केला. १९९७ सालीं तेथील वैद्यांनीं हिशेब मांडला, तेव्हां ६ ते १४ वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण दर लाखामागें ०.७० वरून ०.३६ वर, म्हणजे निम्म्यावर, आलें होतें. कर्करोगाविरुद्ध लस चालते याचा हा पहिला भक्कम पुरावा. भारतांत ही लस २००२ सालापासून थोड्या ठिकाणीं आणि २०११ पासून सर्व देशभर बालकांच्या नेहमीच्या लसीकरणांत आली. तिचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आंत द्यावयाचा असतो. कारण आईकडून आलेल्या विषाणूस गांठावयाचें तें त्याच घटकेस. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यापाड्यांवर बाळंतपण घरींच उरकलें, तर हा पहिला डोस हुकतो, आणि तेथेंच चाळीस वर्षांनंतरच्या गांठीचें पहिलें अक्षर लिहिलें जातें.

बुरशीचा बंदोबस्त त्याहून जुना आणि घरगुती आहे. शेंगा ओल्या असतांना पोत्यांत भरूं नयेत. चांगल्या कडकडीत वाळवाव्यात. कणगी जमिनीच्या ओलीपासून उंच ठेवावी. काळवंडलेले, सुरकुतलेले, बुरसटलेले दाणे निवडून टाकावेत. भाजून किंवा शिजवून तें विष पुरतें जात नाहीं. बुरशीची पेंड म्हशीस घातली तर त्याचा अंश दुधांतहि उतरतो. आपल्या आजीबाई खवट दाणा थुंकून टाकण्यास सांगत, त्यांस २४९ व्या शब्दाची माहिती नव्हती. पण त्यांचा सल्ला योग्य होता.

दीडशें वर्षांच्या या शोधाचें सार श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. तपासणीच्या कागदावर प्रत लिहून येते, ती रोग्याच्या घराण्याची किंमत नव्हे आणि त्याच्या उरलेल्या दिवसांचा हिशेबहि नव्हे. एका लेखाच्या किती नकला कोणत्या हालांत काढाव्या लागल्या, त्याची ती नोंद आहे. जुन्नरच्या कागद्यांस ठाऊक होतें कीं चांगला कागदहि ओलीस ठेवला तर सडतो. त्यांत लिहिणाऱ्याच्या कुळाचा दोष नसतो. ओल कोठून येते तें शोधावें, दप्तर कोरड्या जागीं हलवावें, आणि जीं पानें अजून शाबूत आहेत तीं वेळींच उघडून पाहावींत.